टाकीतलं नायट्रेट चढतच राहते, मग समुद्रातलं काहून चढत नाही?

खाऱ्या_पाण्याचा_नाद (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

मंडळी, हा प्रश्न मत्स्यालयाचा की समुद्राचा हे मलाच ठरवता येईना, म्हणून विज्ञान विभागात टाकून राहिलो.

घरी साडेतीनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन क्लाउनफिश, एक पिवळा टँग, थोडे मऊ कोरल. हो, नागपुरात. मे महिन्यात चिलर अखंड चालतो आणि बिल आलं की घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. नळाला येणारं पेंचचं पाणी आरओतून काढायचं, त्यात लिटरला 35 ग्रॅमच्या हिशेबाने मीठ घालायचं, की झाला समुद्र.

टाकी बसवताना सगळे जे शिकतात ते मीही शिकलो. माशांची घाण आणि उरलेलं खाणं सडून अमोनिया होतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. आणि इथे गाडी थांबते. नायट्रेटचं पुढे काहीच होत नाही, ते साचत जाते. सध्या पाणी तपासायच्या किटवर 40 पीपीएम (दहा लाख भागांत 40) दिसते. पाणी बदललं की उतरते, काही दिवसांत पुन्हा तिथेच.

आता माझी शंका. समुद्रातही मासे आहेत, घाण आहे, सडणं आहे. वरून नद्या शेतांतलं आणि गटारांतलं सगळं आणून ओततात, तेही कोट्यवधी वर्षांपासून. समुद्राचं पाणी तर कोणी बदलत नाही. तरी खोल समुद्रातलं नायट्रेट 2 पीपीएमच्या आसपास असते असं वाचलं, आणि वरच्या थरात तर जवळपास शून्य. मग बाकीचं जाते कुठे?

---

इतवारीचा_पोट्टा

समुद्र मोठा आहे ना बे. तुझी टाकी साडेतीनशे लिटरची. पातळ होत असंल सगळं.

---

निवृत्त_बाटलीवाला (महाल, नागपूर)

इतवारीवाल्या भाऊ, मोठेपणावर हे भागत नाही. समुद्रात वापरण्याजोगा जेवढा नायट्रोजन आहे, तो आत येण्याचा वेग पाहिला तर तेवढा साठा काही हजार वर्षांतच जमून जातो. समुद्राचं वय अब्जावधी वर्षं. म्हणजे बाहेर जायला वाट असलीच पाहिजे, आणि चांगली रुंद असली पाहिजे.

ती वाट मी पाहिली आहे, म्हणून जरा लांब लिहितो. मी महालातलाच. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून गोव्याला गेलो आणि नोकरीची बरीच वर्षं समुद्राचं पाणी बाटल्यांत भरण्यात गेली. त्यातला काही काळ ‘सागर कन्या’ जहाजावर. नव्वदच्या दशकात अरबी समुद्राचा अभ्यास जोरात होता. भारताची जहाजं, परदेशी जहाजं, सगळी तिथेच घिरट्या घालत होती. घरचे विचारायचे, तू तिकडे नेमकं करतोस काय? मी सांगायचो, पाणी भरतो.

काम असं असायचं. लोखंडी चौकटीवर गोलाकार बाटल्या लावलेल्या. चौकट तारेने खाली सोडायची आणि वर ओढताना ठरावीक खोलीवर एकेक बाटली बंद करायची. डेकवर आली की सगळ्यांत आधी पाणी ऑक्सिजनसाठी काढायचं, कारण उशीर झाला तर हवेतला ऑक्सिजन त्यात शिरतो. विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनज्ञाने 1888 मध्ये काढलेली पद्धत आम्ही तशीच वापरायचो. पाण्यात मँगनीजचं क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड टाकायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. जेवढा गडद, तेवढा जास्त.

वरच्या बाटल्यांमध्ये साका गडद तपकिरी. शंभर मीटरच्या खाली रंग उतरायला लागायचा आणि दीडशे-दोनशे मीटरच्या बाटलीत पांढरा. अगदी चुन्यासारखा. नवीन पोरांना वाटायचं की आपण मँगनीज टाकायला विसरलो. ते दुसरी बाटली भरायचे, तीही पांढरी. तीनशे, पाचशे, आठशे, पांढरंच. हजाराच्या खाली गेलं की पुन्हा हळूहळू तपकिरी दिसायला लागायची. मधल्या त्या सगळ्या जाड थरात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच.

आता त्याच बाटल्यांतलं पाणी नायट्राइटसाठी तपासायचं. दोन रसायनं घातली की नायट्राइट असल्यास गुलाबी रंग येतो. (बाबू, तुझ्या किटमधली नायट्राइटची चाचणी बहुतेक हीच आहे. नायट्रेटच्या किटमध्ये आधी जस्ताची पूड घालून हलवायला सांगतात ना? ते नायट्रेटचं नायट्राइट करायला. जहाजावर आम्ही ते काम कॅडमियमच्या नळीकडून करून घ्यायचो. म्हणून म्हणतो, ती बाटली सांगितली तेवढी नीट हलव. निम्मे लोक तिथेच चुकतात आणि आकडा कमी आला म्हणून खुश होतात.) तर नायट्राइट एरवी उजेडाच्या थराच्या तळाशी थोडंसं सापडतं आणि खाली संपतं. पण अरबी समुद्रात त्या पांढऱ्या साक्याच्या थरात नळ्या पुन्हा गुलाबी व्हायच्या, आणि त्याच ठिकाणी नायट्रेट कमी पडलेलं असायचं.

आता यातलं रसायन. सडणं म्हणजे जिवाणूंनी सेंद्रिय कार्बन जाळणं. जाळायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन असेपर्यंत दुसऱ्या कशाला ते हात लावत नाहीत, कारण त्यातून ऊर्जा सगळ्यांत जास्त मिळते. तो संपला की दुसऱ्या क्रमांकावर नायट्रेट, ऊर्जा फार कमी नाही. मग मँगनीज आणि लोखंडाची ऑक्साइडं, त्यानंतर सल्फेट. सल्फेटवर पाळी आली की सडक्या अंड्याचा वास सुटतो. काळ्या समुद्राच्या तळाकडे तो टप्पा कायमचा आहे. अरबी समुद्र दुसऱ्याच पायरीवर थांबतो, म्हणजे नायट्रेटवर. नायट्रेटमधला ऑक्सिजन जिवाणू ओढून घेतात: आधी नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी साधा नायट्रोजन वायू. तो हवेत निघून जातो. हे डीनायट्रिफिकेशन. एवढ्या मोठ्या प्रमाणावर खुल्या पाण्यात ते जगात तीनच ठिकाणी चालतं: अरबी समुद्र, मेक्सिकोच्या बाजूचा प्रशांत आणि पेरू-चिलीच्या बाजूचा प्रशांत. समुद्रतळाच्या चिखलातही चालतं, तो वाटाही मोठा आहे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: समुद्राला एक भाग असा आहे जिथे श्वास घेता येत नाही, आणि नायट्रेट तिथून बाहेर पडतं. तुझ्या टाकीत असा भाग नाही. तू पंप लावून कोपरान्‌कोपरा हवेशीर ठेवतोस, मग नायट्रेट साचणारच.

हे अरबी समुद्रातच का, तेही सांगतो. पावसाळ्यात नैर्ऋत्य वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याजवळचं वरचं पाणी लोटून देतात, खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचं, पीक येतं आणि मरून खाली बसतं. सडायला ऑक्सिजन जातो. शिवाय उत्तरेला आशिया खंड आडवा पडलाय, त्यामुळे ध्रुवाकडून थंड, ताजं पाणी यायची सोय नाही. जे पाणी दक्षिणेकडून येतं, ते आधीच दमलेलं. एक गंमत अशी की पीक येतं ओमानकडे, पण सगळ्यांत जास्त गुदमरलेला भाग मधोमध आणि आपल्या किनाऱ्याच्या बाजूला आहे. यावर बरंच भांडण झालंय. मला पटतं ते असं की पश्चिमेकडे थोडं ताजं पाणी फिरत राहतं, मध्यभागी ते पोचत नाही.

---

खाऱ्या_पाण्याचा_नाद

बाप्पा! काका, एवढं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. जस्ताच्या पुडीचं तर आत्ता समजलं. मी ती बाटली नुसती कलती करून ठेवायचो.

म्हणजे आपल्या नाग नदीत जे काही वाहून राहिलं आहे, ते शेवटी अरबी समुद्रातून हवेत जाते?

---

पवनीची_ताई (पवनी, जि. भंडारा)

नाही भाऊ, नकाशा पहा. नाग नदी पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला. पुढे आमच्या पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण. तिथून वैनगंगा खाली जाते, वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागरात. नागपूरचा एक थेंबही अरबी समुद्राकडे जात नाही. तुमच्या शहराचा मैला आमच्या धरणात मुक्कामाला असतो, हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. बॅकवॉटरला जलपर्णी बघायला या कधी.

मी अकोल्याला कृषी शिकले, आता इथे कृषी केंद्र चालवते. युरिया विकणं हाच धंदा, तर काकांच्या हिशेबात माझीही भर. युरियाची गोणी 45 किलोची, त्यात 46 टक्के नायट्रोजन, म्हणजे 20 किलोच्या थोडा वर. रेडफिल्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1934 मध्ये दाखवलं की समुद्रातल्या प्लवकांमध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळपास ठरलेल्या प्रमाणात असतात. पुढे त्यात कार्बनही बसवला: फॉस्फरसच्या 1 अणूमागे नायट्रोजनचे 16 आणि कार्बनचे 106. ते सगळं सडायला ऑक्सिजनचे सुमारे 138 रेणू लागतात. मी वहीत मांडून पाहिलं. एक गोणी पूर्ण समुद्रात पोचली आणि बाकी काही कमी पडलं नाही, तर तिच्यावर वाढलेल्या प्लवकांत 115 किलोंहून जास्त कार्बन असेल, आणि ते सडायला 400 किलोच्या आसपास ऑक्सिजन लागेल. कोमट समुद्राच्या पाण्यात लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. म्हणजे एका गोणीमागे सहा कोटी लिटर पाणी पार रिकामं. मी सीझनमध्ये किती गोण्या विकते ते इथे लिहीत नाही.

अर्थात पूर्ण गोणी पोचत नाही. अर्धीअधिक वाटेतच जाते, आणि ती कशी जाते ते धानवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. पाणी भरलेल्या बांधीत वरचा पातळ पापुद्रा सोडला की खालचा चिखल बिनहवेचा. म्हणून धानाला नायट्रेटवालं खत देऊ नका असं आम्ही सांगतो. नायट्रेट त्या चिखलात उतरलं की वायू होऊन उडून जातं, पैसे पाण्यात. काका ज्याला समुद्राची वाट म्हणतात ना, ती रोवणीनंतर आमच्या प्रत्येक बांधीत चालू असते. फक्त इथे ते नुकसान धरतात.

काकांना विचारायचं होतं: बंगालच्या उपसागरातही ऑक्सिजन कमी आहे म्हणतात. मग तिथूनही नायट्रोजन जातो का?

---

निवृत्त_बाटलीवाला

ताई, सहा कोटी लिटरचा हिशेब मी पण मांडून पाहिला, बरोबर आहे. बांधीचं उदाहरण मला कधी सुचलं नाही, आणि आमचं आजोळ तर लाखांदूरचं.

उपसागराचा प्रश्न अवघड जागी लागला. तिथेही शे-दीडशे मीटरच्या खाली ऑक्सिजन अगदी कमी, साधी विंकलर पद्धत वापरली तर शून्यच वाटावा इतका. तरीही नायट्रेट अरबी समुद्रासारखं उडून जात नाही. खोलवर दुसऱ्यांदा दिसणाऱ्या नायट्राइटचा तो गुलाबी थर तिथे दिसत नाही. बरीच वर्षं कोणाला नीट सांगता येत नव्हतं. मग फार सूक्ष्म मोजणारे सेन्सर आले आणि 2017 मध्ये एक गोष्ट छापून आली: तिथे ऑक्सिजन संपलेला नाही, लिटरमागे नॅनोमोलमध्ये मोजावा इतका शिल्लक आहे. जिवाणू तयार बसलेत, जनुकं त्यांच्याकडे आहेत. पण तेवढ्या ऑक्सिजनवर दुसरे जिवाणू नायट्राइटचं पुन्हा नायट्रेट करून टाकतात, त्यामुळे पुढचा टप्पा जवळजवळ अडूनच राहतो.

तेवढा तरी ऑक्सिजन उरतो कसा? गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती आणि आपली गोदावरी इतकं गोडं पाणी ओततात की वर हलक्या पाण्याचं झाकण बसतं. खालचं खत वर येत नाही, पीक कमी येतं, सडायला माल कमी. शिवाय या नद्या गाळ आणतात. मेलेले प्लवक मातीच्या कणांना चिकटून लवकर खाली जातात आणि मधल्या थरात सडायला थांबत नाहीत, असंही एक मत आहे. मला ते पटतं.

म्हणजे पवनीच्या गोणीचा जो काही भाग तिथवर पोचेल, त्याला बाहेर जायची वाट अरबी समुद्राइतकी मोकळी नाही. आणि उपसागर काठावर उभा आहे. पाणी आणखी तापलं किंवा खत आणखी वाढलं, तर उरलेला तो किंचित ऑक्सिजनही जाईल.

---

बीएस्सी_दुसरं_वर्ष

काका, मग एक बोलू का? ऑक्सिजन नसलेला भाग नायट्रेट साफ करतो, तर असे भाग वाढले तर चांगलंच ना? प्रदूषण आपोआप कमी. जिवाणूच काम करतील. आमच्या इथे नीरीवाले (पर्यावरण संशोधन संस्थेतले) पण सांडपाण्यासाठी हेच करतात ना?

---

निवृत्त_बाटलीवाला

सांडपाण्यात बंद टाकीत करतात, हवा कधी द्यायची आणि कधी तोडायची हे हातात असतं. अॅनामॉक्स नावाचे जिवाणू तर आधी नेदरलँड्समधल्या सांडपाण्याच्या टाकीतच सापडले, समुद्रात ते नंतर दिसले. अमोनिया आणि नायट्राइट एकत्र करून ते थेट नायट्रोजन वायू करतात. अरबी समुद्रात जास्त काम त्यांचं की जुन्या डीनायट्रिफायरांचं, यावरही वाद झाला. 2009 मधल्या मोजणीत जुनेच भारी ठरले.

तुझ्या ‘चांगलंच ना’चं उत्तर मात्र नाही. मी वर साखळी लिहिली त्यात शेवटून दुसरा नायट्रस ऑक्साइड आहे. ऑक्सिजन पूर्ण गेला असेल तर जिवाणू तोही संपवतात. थराच्या काठावर, जिथे थोडा आहे आणि थोडा नाही, तिथे साखळी अर्धवट तुटते आणि हा वायू सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवणारा. अरबी समुद्राच्या पृष्ठभागावरून तो कायम हवेत जात असतो. आणि पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पाण्यापर्यंत हे बिनहवेचं पाणी चढतं. तिथे या वायूचे जे आकडे मिळाले ते पाहून मोजणारे स्वतःच पुन्हा मोजत बसले होते. काही ठिकाणी तर सल्फेटची पायरी येते, बाटली उघडली की नाकाला कळतं. तळाजवळचे मासे तेव्हा तिथून निघून जातात, आणि कोकणातल्या ट्रॉलरवाल्याला यात काही चांगलं दिसत नाही.

अजून एक. नायट्रेट गेलं तरी फॉस्फेट तिथेच राहतं. ते पाणी वर आलं की नायट्रोजन कमी, फॉस्फरस शिल्लक. अशा पाण्यात हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्या जिवांची चंगळ. मार्च ते मेमध्ये समुद्र शांत असताना पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे पट्टे तरंगताना दिसतात, तो ट्रायकोडेस्मियम. गेलेल्यातला काही नायट्रोजन तो परत आणतो. एका बाजूने गळती, दुसऱ्या बाजूने भर, असं चाललेलं असतं. दोन्ही बाजू दर वर्षी सारख्या भरतात असं मात्र कोणी समजू नये.

---

खाऱ्या_पाण्याचा_नाद

काका, ताई, दोघांचं वाचून आज किट घेऊन बसलो. जस्ताची बाटली घड्याळ लावून हलवली. नायट्रेट 40 नाही, 80 च्या जवळ आहे!

आणि फॉस्फेट शून्य. दुकानदाराने शेवाळ येऊ नये म्हणून लोखंडाचे लाल दाणे फिल्टरमध्ये टाकायला सांगितले होते, ते फॉस्फेट ओढून घेतात. रेडफिल्डचं प्रमाण वाचून शंका आली. फॉस्फेटच नाही म्हणून तर नायट्रेट अडकून राहिलं नसेल?

---

निवृत्त_बाटलीवाला

अगदी हेच. खोल समुद्रात नायट्रेट 2 पीपीएम असतं तेव्हा फॉस्फेट 0.2 च्या आसपास असतं. वजनाने दहास एक. तुझ्या टाकीत जिवाणूंना नायट्रेट खायचंय, पण अंग वाढवायला फॉस्फरस नाही. ते दाणे काढ, पण सगळे एकदम नको, आठवड्याला थोडे. फॉस्फेट 0.05 ते 0.1 वर येऊ दे. कोरलांनाही ते लागतं.

त्यानंतरही नायट्रेट उतरलं नाही तर दोन रस्ते. एक, तळाला बारीक वाळूचा चार-पाच इंचांचा थर. खालच्या भागात हवा पोचत नाही, तिथे तुझा छोटा अरबी समुद्र तयार होतो. दुसरा रस्ता कार्बन देण्याचा. शौकीन लोक वोडका थेंबाथेंबाने टाकतात. जिवाणू फोफावतात, नायट्रेट-फॉस्फेट अंगात घेतात आणि स्किमर (टाकीला लावलेलं फेस काढायचं यंत्र) त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो. पण जास्त पडली तर रात्रीतून ऑक्सिजन संपून मासे वर तोंड काढतील. आणि मेमध्ये वीज गेली तर आणखी लवकर, कारण 30 अंशांच्या खाऱ्या पाण्यात मुळात ऑक्सिजन मावतोच कमी.

---

इतवारीचा_पोट्टा

वोडका माशाले? आणि हा वर्ध्याचा असता तर?

---

पवनीची_ताई

वर्ध्यात दारूबंदी आहे, व्हिनेगर चालतं. मी गूगल केलं.

---

निवृत्त_बाटलीवाला

चालतं. व्हिनेगर उलट बरं, मात्रा चुकली तरी जरा सावकाश चढतं.

वाळूचा थर केलास तर एक लक्षात ठेव: तो पुन्हा उकरायचा नाही. साफसफाईची हौस वरच्या बोटभर भागापुरती. खाली काळे डाग दिसले तर सल्फेटची पायरी सुरू झाली समज. ते तिथेच राहू दे, फक्त ढवळू नको, नाहीतर हायड्रोजन सल्फाइड पाण्यात येईल आणि सकाळी टँग आडवा दिसेल.

---

खाऱ्या_पाण्याचा_नाद

दाण्यांची थैली अर्धी रिकामी केली. वाळू रविवारी धुऊन टाकतो. फॉस्फेट वर आलं की दोन्ही आकडे इथेच लिहितो.